गव्हाची कोठी आणि थंडीचे दिवस

ग्वाल्हेरचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले असते. शिंद्यांचे ग्वाल्हेर. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेला आपल्या फौजेचा तळ दिला. तळाला म्हणायचे लष्कर. फौज गेली, पण नाव राहिले. आजही शहराच्या त्या भागाला लष्करच म्हणतात. फौजेमागून मराठी माणसे गेली. कोणी कारकून, कोणी भटजी, कोणी शिंपी. त्यांच्यातल्या कित्येकांचे वंशज अजून तिथे आहेत. घरात मराठी बोलतात, बाहेर पडले की हिंदी.

त्या लष्करात आम्ही काही वर्षे राहिलो. तिथे घर राखताना जे शिकलो, ते या पाठात सांगणार आहोत. काही गोष्टी चुका करून शिकलो. त्याही सांगू.

तिथली हवा आपल्याकडच्यासारखी नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अंगाला चटके देणारा वारा सुटतो, त्याला लू म्हणतात. पाऊस पडतो तो मुख्यतः जुलै ते सप्टेंबर. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटे धुके दाटते, आणि काही रात्री पारा ५ अंशांच्या खाली उतरतो. दगडी घरे, वर दगडी फरश्यांचे छप्पर. ती घरे रात्री अशी गारठतात, की जमिनीला पाय लावू नये.

आम्ही नवीन गेलो तेव्हा म्हणालो, बरे झाले. इतकी कोरडी हवा, इतकी थंडी. इथे किडामुंगी कशाला राहील?

चूक! बाहेर कोरडे आणि गार असले, की किडे घरात येतात. घरात ऊब असते, अन्न असते, पाणी असते. आपल्याला जे हवे, तेच त्यांनाही हवे.

त्यातही पाणी महत्त्वाचे. झुरळाचे बघा. स्वयंपाकघरात ते लहान, तांबूस झुरळ असते ना, त्याला नुसते पाणी मिळाले तर अन्नावाचून ते महिनाभर तग धरते. पण पाणीच नाही मिळाले, तर दोनेक आठवड्यांत मरते. म्हणजे कोकणात झुरळाला पाणी तोडणे अवघड, पण कोरड्या गावात सोपे. रात्री मोरी पुसून कोरडी करायची. गळका नळ दुरुस्त करायचा. खरकटी भांडी पाण्यात भिजत ठेवून निजायचे नाही. एवढे केले की निम्मे काम झाले. उरलेल्यासाठी औषधाच्या दुकानात बोरिक पावडर मिळते. ती कणीक आणि साखर यांत कालवून बारीक गोळ्या करतात, आणि फळीच्या मागे, खाचेत ठेवतात. कोरड्या जागी ती बरेच दिवस टिकते. पण साखर आहे, हे मुलांनाही कळते बरं का! मुलाचा हात पोचेल तिथे ती ठेवायची नाही. झुरळे मारायच्या खडूचेही तसेच. दिसायला पाटीवरचा खडू, आणि आहे विष.

उंदीर थंडीत घरात शिरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुठून शिरतात, ते मात्र कोणी बघत नाही. जिथून पेन्सिल आत जाते, तिथून लहान उंदीर आत जातो. अंगठा जाईल एवढ्या भोकातून मोठा उंदीर जातो. म्हणून आधी दिवा घेऊन घराभोवती फिरा. दाराखालची फट, नळ आत येतो ती जागा, वीजतारेचे भोक, सगळे बघा. भोकात तारेचा चोळा दाबून वरून सिमेंट भरा. चिंधी कोंबून उपयोग नाही. चिंध्यांनी उंदीर घरटे करतो.

मग पिंजरा. पिंजरा भिंतीला लागून ठेवायचा, कारण उंदीर भिंतीच्या कडेने पळतो. खोलीच्या मधोमध ठेवलेल्या पिंजऱ्यात आमच्याकडे एकदा मांजराचे पिल्लू अडकले, उंदीर नाही. मोठा उंदीर संशयी असतो. नवी वस्तू दिसली की दोन-तीन दिवस तिच्या वाटेला जात नाही. म्हणून पहिले दोन दिवस पिंजऱ्याचे दार उघडे बांधून ठेवा, आत भाकरीचा तुकडा ठेवा. खाऊ द्या त्याला. तिसऱ्या रात्री दार मोकळे करा. उंदरीण तीन आठवड्यांत विते, आणि एका खेपेला सहा-सात पिल्ले होतात. तेव्हा एक उंदीर धरला म्हणून पिंजरा माळ्यावर टाकू नका.

वाळवीविषयी थोडक्यात सांगतो. तिला ओल लागते. म्हणून ती मातीची नळी करून जमिनीतून चढते. ट्रंका आणि लाकडी कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा, खाली विटा द्या. नळी दिसली की मोडा, आणि ओल कुठून येते ते शोधा.

आता दुलयांकडे येऊ. तिकडे दुलईला रजई म्हणतात. उन्हाळाभर ती ट्रंकेत असते, आणि दिवाळीनंतर बाहेर निघते. बरोबर कधी कसर निघते, कधी ढेकूण. १९५३ साली देशभर हिवतापाविरुद्ध मोहीम सुरू झाली, तेव्हा घरोघर डीडीटी फवारले. सुरुवातीला त्याने ढेकूणही मेले. पुढे ढेकूण त्याला दाद देईनासे झाले. उकळत्या पाण्याला मात्र ते अजून दाद देतात! बाजेच्या सांध्यांत किटलीने उकळते पाणी सोडा, रजईची खोळ कढत पाण्यात भिजवा. आठवड्याने पुन्हा करा, कारण राहिलेली अंडी मागाहून फुटतात. थंडीतले कोवळे ऊन ढेकणाला पुरत नाही. आणि घर बंद ठेवून ढेकूण उपाशी मरतील, ही आशा नको. गार हवेत ते न खाता कित्येक महिने जगतात.

कसरीसाठी लोक ट्रंकेत डांबरगोळ्या टाकतात. मोठ्यांच्या कपड्यांत ठीक. पण त्या ट्रंकेतले दुपटे काढून तसेच तान्ह्या मुलाला गुंडाळू नका. काही मुलांचे रक्त जन्मतःच असे असते, की डांबरगोळीच्या वाफेने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि मूल पिवळे पडते. कोणाचे मूल तसे आहे, हे बघून कळत नाही. तान्ह्याचे कपडे धुऊन, उन्हात वाळवून, नुसते स्वच्छ पिशवीत बांधून ठेवावे. कडुलिंबाचा पाला घातला तरी चालेल.

हे सगळे झाले, पण ग्वाल्हेरच्या घरातली मोठी ठेव म्हणजे गहू. एप्रिलमध्ये नवा गहू येतो. ज्याला जमेल तो वर्षाचा गहू एकदम भरतो. पत्र्याची उंच कोठी, तिला खाली तोंड. वर्षाचे पैसे त्या कोठीत असतात म्हणा ना. तिला कीड लागली, तर वर्षाची भाकरीच गेली.

गव्हाला सोंडा लागतो. त्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडे घालते, आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आत वाढते. वरून दाणा चांगला दिसतो, आत पोकळ. मूठभर गहू पाण्यात टाकून बघा. पोकळ दाणे वर तरंगतील. पण सोंड्याला दाण्यात ओल लागते. गहू खडखडीत वाळलेला असेल, तर त्याची वाढ होत नाही. एप्रिल-मे महिन्यांतला ग्वाल्हेरचा वारा हे काम फुकट करतो. चार दिवस गच्चीवर गहू पसरायचा, आणि मग दाताखाली दाणा धरायचा. कट् आवाज होऊन तुटला तर वाळला. दबला तर अजून ऊन द्या. गहू कोठीत भरण्याआधी रात्रभर सावलीत निवू द्या. गरम गहू भरू नये.

कोरड्या मुलखात सोंड्याचा एक भाऊबंद आहे, त्याचे नाव खपरा. याला ओल लागत नाही. तांबूस, केसाळ अळी असते. ती आधी दाण्याचा कोंब खाते. कोठीत भुशासारखी हलकी कात दिसली, तर समजा खपरा आला. थंडी पडली की ही अळी फटीत जाऊन पडून राहते. न खाता वर्ष वर्ष राहते. आपल्याला वाटते, कीड गेली. ती गेलेली नसते, निजलेली असते. म्हणून जुनी पोती नव्या गव्हाला वापरताना उकळत्या पाण्यात बुडवून वाळवा. रिकामी कोठी नुसती झटकू नका. तिच्या सांध्यांतली घाण काडीने काढा, आतून पुसा, आणि मे महिन्याच्या उन्हात दिवसभर तापवा.

इतके करूनही थंडीत आमच्या कोठीतला वरचा गहू ओलसर निघाला. आम्ही चकित झालो. पाऊस नाही, गळती नाही, पाणी आले कुठून? शेजारच्या काकूंनी उत्तर दिले. म्हणाल्या, "भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलून बघता ना? तेच हे." खरेच तसे होते. कोठीच्या मधला गहू उबदार असतो. कोठीचा पत्रा आणि वरचे झाकण रात्री गार पडते. आतली दमट हवा वर चढते, गार झाकणाला लागते, आणि तिचे पाणी होते. ते वरच्या थरावर पडते. मग बुरशी धरते, गहू गठ्ठ्याने चिकटतो, आणि किड्यांना ओल मिळते. म्हणून कोठी बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. खाली फळ्या द्याव्यात. कोरड्या उन्हाच्या दुपारी, धुके नसताना, झाकण काढून वरचा गहू हाताने उलटापालटा करावा.

हे काकूंनी सांगण्याआधी आम्ही जे केले, ते आता सांगतो.

ओला गहू बघून आम्ही घाबरलो. बाजारात गेलो. दुकानदाराने चिठ्ठी नाही, सूचना नाही, कागदात गुंडाळून चार गोळ्या दिल्या. म्हणाला, कोठीत टाका, किडा राहणार नाही. कोठी आमच्या निजायच्या खोलीत होती. जानेवारीचा महिना, बाहेर धुके. दारे-खिडक्या लावून, फटींना कापड लावून आम्ही निजलो.

पहाटे धाकट्या मुलीला उलटी झाली. आमचेही डोके ठणकत होते. आम्हाला वाटले, सिगडीचा धूर असेल. (बंद खोलीत कोळशाची सिगडी हाही जीवघेणा प्रकार आहे, पण त्या रात्री सिगडी पेटवलीच नव्हती.) आजी उठून बसली. म्हणाली, "एवढ्या रात्री लसूण कुणी ठेचला?" आणि कोणाचे न ऐकता तिने दार सताड उघडले. गार वारा आत आला. आम्ही तिच्यावर ओरडलो सुद्धा! मग मुलगी धापा टाकायला लागली, तेव्हा सगळे बाहेर आलो. तिला रुग्णालयात नेले. तीन दिवस ती तिथे होती. वाचली.

त्या गोळ्यांना ॲल्युमिनियम फॉस्फाइड म्हणतात. हवेतली ओल लागली की गोळीतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम वायू. किडा त्याने मरतो, आणि माणूसही त्यानेच मरतो. या विषावर उतारा नाही. डॉक्टर फक्त श्वास आणि हृदय सांभाळतात. त्याला कधी लसणीसारखा, कधी सडक्या मासळीसारखा वास येतो. पण वासावर भरवसा ठेवू नका. कधी वास येतच नाही. पत्र्याची घरगुती कोठी वायू अडवत नाही, तो झाकणाच्या फटीतून खोलीत येतो. म्हणूनच कायद्याने हे काम फक्त सरकारी संस्थांनी, किंवा तज्ज्ञांच्या देखरेखीखाली कीडनियंत्रण करणाऱ्यांनीच करायचे आहे. घरातल्या कोठीसाठी या गोळ्या नाहीत. कोणी सुट्या दिल्या, तर घेऊ नका.

चुकून कोणी टाकल्याच असतील, आणि डोके दुखू लागले, मळमळले, छाती दाटून आली, तर आधी सगळ्यांनी बाहेर यायचे. जाता जाता दार उघडे टाकायचे. गोळ्या शोधत आत थांबायचे नाही, आणि त्यांच्यावर पाणी तर मुळीच ओतायचे नाही. पाण्याने वायू आणखी वेगाने निघतो. डॉक्टरांना गोळ्यांचे नाव सांगायचे.

आम्हाला त्या दिवशी नाव माहीत नव्हते. कागदावर काही छापलेलेच नव्हते. डबा असता तर वाचता आले असते. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर एक चौकोन असतो, टोकावर उभा केलेला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. तांबडा म्हणजे अतिशय जहाल विष. पिवळा त्याच्या खालोखाल. मग निळा. हिरवा सगळ्यांत सौम्य, पण तोही औषधच, खाऊ नव्हे. तांबड्या डब्यावर वरच्या भागात कवटी आणि दोन हाडे काढलेली असतात. अक्षरे अजून नीट लागत नसतील, तरी रंग ओळखता येतात.

आज घरी गेल्यावर झुरळांचा, डासांचा किंवा उंदरांचा जो डबा असेल तो घ्या. त्यावर चौकोन शोधा, रंग बघा. मग औषधाचे नाव एकेक अक्षर लावून वाचा. डब्यावर मराठी नसेल, तर मुलांकडून वाचून घ्या आणि आपल्या वहीत मराठीत लिहा. पुढच्या वर्गाला ती वही घेऊन या.

आमची कोठी आता पडवीत आहे. आजीनेच ती तिथे नेववली. तळाशी दोन फळ्या, वर पोत्याचे पांघरूण. संक्रांतीच्या सुमारास, दुपारी ऊन तापले, की ती झाकण काढायची, दोन्ही हात कोपरापर्यंत गव्हात घालायची, आणि आम्हाला हाक मारायची, "या रे, दाणा चावून बघा."