चक्रीवादळाची सूचना कशी समजून घ्यावी

पुणे शहरात शिवाजीनगर भागी एक जुनी इमारत आहे, तिला लोक 'शिमला ऑफिस' म्हणतात. पुण्यात शिमला कोठून आला, असा प्रश्न खेड्यांतून येणाऱ्या बंधूंस पडतो. त्याचे उत्तर असे की, हिंदुस्थानचे हवामान खाते 1875 साली स्थापन झाले. पुढे त्याची मुख्य कचेरी शिमल्यास होती, ती 1928 साली पुण्यास आणिली, आणि कचेरीबरोबर नावही आले. मुख्य कचेरी मागाहून दिल्लीस गेली, तरी नाव येथेच राहिले व हवामानाचे काम आजही त्या आवारात चालते.

देशावरील वाचक म्हणतील, आम्हांस अवर्षण ठाऊक, गारपीट ठाऊक. समुद्रावरील वादळाशी आमचे काय काम? त्यांनी 3 जून 2020 हा दिवस आठवावा. त्या दिवशी दुपारी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यास लागले. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. तेच वादळ घाट चढून वर आले, तेव्हा पुणे शहरात झाडे उन्मळून पडली, पत्रे उडाले, आणि पुणे जिल्ह्यात दोघांचे प्राण गेले. (हे नाव बांगलादेशाने सुचविलेले होते. तेरा देश मिळून वादळांच्या नावांची यादी करितात. नावावरून वादळाच्या स्वभावाचा तर्क करू नये.)

आता हे वादळ उत्पन्न कसे होते ते पाहू. समुद्राचे पाणी साडेसव्वीस अंशांहून अधिक तापले म्हणजे त्यावरील दमट हवा हलकी होऊन वर चढू लागते. तिची जागा घेण्यास भोवतालची हवा धावते. परंतु पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ती सरळ न येता वळसा घेत येते, आणि आपल्या उत्तर गोलार्धात हा वळसा घड्याळाच्या काट्यांच्या उलट असतो. वर गेलेल्या वाफेचे पाणी होताना जी उष्णता सुटते तिच्यावर हा भोवरा पोसला जातो. म्हणून जमिनीवर आल्यावर त्याचे अन्न तुटते व तो क्षीण होतो. निसर्ग वादळ दुसऱ्या दिवशी साधा कमी दाबाचा प्रदेश होऊन गेले ते याच कारणाने.

वाऱ्याचा हा वळसा ज्याने ध्यानात ठेविला त्यास पुढील गोष्टीचा उलगडा होतो. मुंबईवर मोठे संकट येणार असे सर्व बोलत होते, परंतु मुंबई बरीचशी वाचली, आणि दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर ही गावे मात्र झोडपली गेली. असे का? वादळ ईशान्येकडे सरकत होते. वाचकांनी पाटीवर समुद्रकिनारा काढावा, मध्याभोवती उलटे फिरणारे बाण काढावे, म्हणजे दिसेल की मध्याच्या दक्षिणेस वारा समुद्राकडून जमिनीवर येतो, व त्यात वादळाच्या स्वतःच्या चालीचा वेग मिळतो. मध्याच्या उत्तरेस मुंबई होती. तेथे वारा जमिनीवरून समुद्राकडे जात होता. म्हणून सूचनेत नाव ज्या गावाचे आले तेच गाव संकटात, असे समजणे मोठ्या धोक्याचे आहे. ते नाव केवळ मध्याचे असते. वादळाचा घेर शेकडो किलोमीटरांचा असतो, आणि मध्यही सांगितलेल्या जागेपासून काही कोस सरकू शकतो.

हवामान खाते सूचना पायरीपायरीने देते. वादळी हवा सुरू होण्याच्या सुमारे 48 तास आधी पहिला इशारा, त्याचा रंग पिवळा. 24 तास आधी दुसरा, तो नारिंगी. आणि किनाऱ्यास लागण्याच्या सुमारे 12 तास आधी लाल, ज्यात वादळ आत कोठवर जाईल हेही सांगितलेले असते. घाटावरील लोकांनी हा तिसरा विशेष लक्षपूर्वक ऐकावा. पिवळा रंग दिसताच घर सोडावयाचे नसते, परंतु लाल होईतो वाट पाहणाऱ्यास मात्र गुरे सोडावयासही वेळ उरत नाही.

सूचना ऐकिल्याने काय होते, याचे प्रमाण ओडिशाच्या किनाऱ्याने दिले आहे. तेथे 1999 च्या ऑक्टोबरात सुमारे 10,000 माणसे मेली. 2013 च्या ऑक्टोबरात 'फायलिन' हे तसेच उग्र वादळ आले, परंतु लाखो लोकांस आधीच हलविले होते, व मृतांची संख्या शंभरही भरली नाही. आमच्या कोकणातही करोनाच्या साथीचे दिवस असून, एकत्र बसण्याचेच भय असता, हजारो लोकांस किनाऱ्यावरून हलविण्यात आले.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27, हा या जागी पुन्हा वाचावा. पौलाने पुढील प्रवासाचा धोका सांगितला असता शताधिपतीने तांडेलाचे व तारवाच्या धन्याचे ऐकिले. तो मूर्ख नव्हता. दर्यावर्दी माणसाचे ऐकणे रीतीस धरूनच होते. आमच्याही खेड्यांत वडील माणसे म्हणतात, आम्ही पन्नास पावसाळे पाहिले, आम्हांस काय सांगता? त्यांचा अनुभव खरा आहे. परंतु पन्नास वर्षांत न आलेले एकावन्नाव्या वर्षी येऊ शकते.

उलट पक्षी, ऐकीव ते सर्व खरेही मानू नये. 1882 च्या जूनात मुंबईत वादळाने लाख माणसे मेली असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. पण त्या काळच्या वर्तमानपत्रांत अशा संहाराचा मागमूसही नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या बातमीचेही तसेच. तलाठ्याकडे किंवा आकाशवाणीवर खात्री करून मगच मंडळीस सांगावे.

आणखी एक गोष्ट मुलांस अवश्य शिकवावी. वादळाचा मध्य, ज्यास डोळा म्हणतात, तो माथ्यावरून जाताना वारा एकाएकी पडतो, कधी आकाशही उजळते. लोक कौले सारखी करावयास छपरावर चढतात. काही वेळाने वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो.

श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या वाड्या त्या एका दुपारी आडव्या झाल्या. सुपारीचे झाड नीट फळावर येण्यास सहा-सात वर्षे लागतात, आणि वाडी म्हणजे बहुधा काही गुंठेच असते. हेक्टरावर मोजलेली भरपाई तेथे फार थोडी भरते. ज्या मंडळ्यांस तिकडे मदत पाठविणे असेल त्यांनी कपड्यांपेक्षा रोपांचा विचार करावा असे आम्हांस वाटते.