दूरवैद्यक सेवा आणि ग्रामीण रुग्णाचा विश्वास

परभणी जिल्ह्यातील पालम तालुक्याच्या एखाद्या खेड्यातून विशेषज्ञ डॉक्टरांकडे जावयाचे म्हणजे गंगाखेड, परभणी किंवा नांदेड गाठावे लागते. शेतमजुराचा एक दिवसाचा रोज बुडतो, सोबत जाणाऱ्याचाही बुडतो. पावसाळ्यात ओढ्यानाल्यांना पूर आला की वाटच राहत नाही. अशा ठिकाणी दूरवैद्यक सेवेची उपयुक्तता वेगळी पटवून द्यावी लागू नये. तरीही लोक तिचा वापर करतीलच, असे गृहीत धरता येत नाही.

केंद्र शासनाची ई-संजीवनी सेवा २०१९ मध्ये सुरू झाली. २०२० च्या टाळेबंदीत घरबसल्या सल्ला घेण्याची सोयही तीत आली. त्याच वर्षी २५ मार्च रोजी दूरवैद्यक व्यवसायाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. सेवेची रूपे दोन आहेत : रुग्णाने स्वतःच्या फोनवरून डॉक्टरांशी बोलणे, आणि उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने रुग्णाला समोर बसवून डॉक्टरांशी जोडून देणे.

खेड्यात दुसरे रूप अधिक जवळचे वाटते, आणि त्याला कारण आहे. नाडी पाहिल्याशिवाय, पोट दाबून पाहिल्याशिवाय तपासणी झाली असे रुग्णाला वाटत नाही. सुई टोचली नाही तर औषध झाले असेही अनेकांना वाटत नाही. ओळखीचा आरोग्य कर्मचारी रक्तदाब मोजतो, रुग्णाचे बोलणे डॉक्टरांना नीट सांगतो, तेव्हा पडद्यावरच्या अनोळखी चेहऱ्यावरही विश्वास बसू लागतो. वृद्धांना तर सांकेतिक क्रमांक टिपून देण्यापासूनच मदत लागते.

स्त्रियांची अडचण निराळी. घरात फोन एकच, तो बहुधा पुरुषाच्या खिशात. अंगावरून जाण्यासारखी तक्रार चारचौघांत, मोठ्या आवाजात कशी सांगावी? उपकेंद्रात एक आडोशाची खोली असणे आणि आशा कार्यकर्तीने सोबत असणे, याला यंत्रसामग्रीइतकेच महत्त्व आहे. ग्रामपंचायतीने याकडे अवश्य लक्ष द्यावे.

लिहून दिलेले औषध तेथेच मिळाले नाही, किंवा बोलणे मध्येच तुटले, तर तो रुग्ण पुन्हा फिरकत नाही. शेजाऱ्यालाही येऊ देत नाही. म्हणून औषधसाठा, वीज व संपर्कजाळे यांची पाहणी प्रचारफलक लावण्याआधी व्हावी.

सेवेची मर्यादाही ग्रामसभेत स्पष्ट सांगितली पाहिजे. सर्पदंश, छातीत कळ, अडलेले बाळंतपण यांत पडद्यासमोर बसून वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.