देवळातला मागचा बाक



अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीचा विषय निघाला की आपल्यापैकी बहुतेकांना एक बस आठवते. १ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी गोऱ्या प्रवाशासाठी आपली जागा सोडायला नकार दिला. त्या शिवणकाम करून पोट भरत. त्यांना अटक झाली आणि शहरातील कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. मोलकरणी, मजूर, म्हातारी माणसे पायी कामावर गेली. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बसमधील वेगळ्या जागा बंद झाल्या.

बसमध्ये होता तसाच एक मागचा बाक देवळातही होता, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. आज आपण त्या बाकाचा थोडा अभ्यास करणार आहोत, कारण तो आपल्याच कॅथलिक देवळांत होता.

शिकवण एक, बाक वेगळे

अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुइझियाना राज्यावर पूर्वी फ्रेंच आणि स्पॅनिश सत्ता होती. त्यामुळे तिथे गोरे कॅथलिक खूप आणि कृष्णवर्णीय कॅथलिकही खूप. बाप्तिस्मा एक, विश्वासांगीकार एक, वेदीही एकच. तरीही अनेक देवळांत कृष्णवर्णीय भाविकांना मागच्या बाकांवर बसावे लागे आणि सर्व गोऱ्यांनी ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतरच त्यांची पाळी येई.

या वागण्याची मुळे गुलामगिरीत होती. १८३८ साली मेरीलँडमधील येशूसंघीयांनी आपल्या मालकीचे २७२ गुलाम विकले आणि त्या पैशांतून जॉर्जटाउन येथील आपल्या महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यास मदत झाली. त्या गुलामांना लुइझियानातील मळ्यांवर पाठवण्यात आले. विकणारे धर्मगुरू होते आणि विकली गेलेली माणसे बाप्तिस्मा घेतलेली होती. २०१७ साली येशूसंघाने आणि जॉर्जटाउन विद्यापीठाने त्या माणसांच्या वंशजांची जाहीर क्षमा मागितली.

गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, पण दारे उघडली नाहीत. ऑगस्टस टॉल्टन हा १८५४ साली मिसुरी राज्यात गुलाम म्हणूनच जन्मलेला मुलगा. त्याच्या आईने मुलांना घेऊन मिसिसिपी नदी ओलांडली आणि स्वतंत्र राज्य गाठले. मोठेपणी त्याला धर्मगुरू व्हायचे होते. परंतु अमेरिकेतील एकही सेमिनरी त्याला घेईना. शेवटी तो रोमला गेला आणि तिथे १८८६ साली त्याला गुरुदीक्षा मिळाली. रोमने त्याला त्याच्याच देशात परत पाठवले. फादर टॉल्टन शिकागोतील गरीब कृष्णवर्णीयांमध्ये राबले आणि १८९७ साली, अवघ्या ४३व्या वर्षी उष्माघाताने वारले. २०१९ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'आदरणीय' घोषित केले. जिवंतपणी ज्यांना सेमिनरीत जागा मिळाली नाही, त्यांच्या मध्यस्थीने आज भाविक प्रार्थना करतात.

आर्चबिशप रमेल यांची नऊ वर्षे

लुइझियानातील न्यू ऑर्लिन्स येथे १९३५ पासून आर्चबिशप जोसेफ रमेल होते. मार्च १९५३ मध्ये त्यांनी आपल्या धर्मप्रांतातील सर्व देवळांसाठी पत्र काढले : यापुढे देवळात वेगळे बाक नाहीत, ख्रिस्तशरीर घेण्यासाठी वेगळी रांग नाही. शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा प्रसिद्ध निकाल यायला तेव्हा अजून एक वर्ष अवकाश होता.

पत्र वाचले गेले, पण मने बदलली नाहीत. १९५५ साली जेझुइट बेंड नावाच्या वस्तीत मिस्सा अर्पण करायला आलेल्या एका कृष्णवर्णीय धर्मगुरूला तिथल्या काही गोऱ्या भाविकांनी चॅपेलमध्ये पाऊल टाकू दिले नाही. आर्चबिशपांनी त्या चॅपेलमधील मिस्सा बंद केली. धर्मगुरू नको असेल तर मिस्साही नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता. १९५६ साली त्यांनी दुसरे पत्र काढले आणि वर्णभेद नैतिकदृष्ट्या चुकीचा व पापमय आहे असे स्पष्ट सांगितले. देवाने मानवजात एक निर्माण केली आहे. तिचे तुकडे करणे म्हणजे निर्माणकर्त्याचे काम नाकारणे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

शाळांच्या बाबतीत मात्र आर्चबिशप अडखळले. कॅथलिक शाळांत सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा विचार त्यांनी १९५६ सालीच बोलून दाखवला होता. विरोध इतका झाला की तो वर्षानुवर्षे पुढे ढकलला गेला. पालक शाळा सोडतील, वर्गण्या थांबतील, सरकार मदत काढून घेईल, अशा भीती होत्या. दरम्यान नोव्हेंबर १९६० मध्ये रुबी ब्रिजेस ही सहा वर्षांची मुलगी, शिव्या देणाऱ्या जमावामधून पोलिसांच्या संरक्षणात न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी शाळेत गेली. सरकारी शाळेचे दार उघडले आणि कॅथलिक शाळांचे बंदच राहिले.

शेवटी मार्च १९६२ मध्ये आदेश निघाला. आर्चबिशप तेव्हा ८५ वर्षांचे होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. लोकांना उघडपणे विरोधासाठी चिथावणाऱ्या तिघा कॅथलिकांना त्यांनी आधी समज दिली आणि १६ एप्रिल १९६२ रोजी ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले. त्यांत लिएंडर पेरेझ हे बलाढ्य राजकीय पुढारी होते. पेरेझ यांनी १९६९ साली मरण येण्यापूर्वी ख्रिस्तसभेशी समेट केला. सप्टेंबर १९६२ मध्ये सर्व मुले एका वर्गात बसली.

सेंट लुइस शहरातील आर्चबिशप जोसेफ रिटर यांनी हेच काम १९४७ साली केले होते. तिथेही पालकांनी कोर्टात जाण्याची धमकी दिली होती आणि तिथेही बहिष्काराची ताकीद द्यावी लागली. परंतु ते डगमगले नाहीत. म्हणजे एका शहरात ख्रिस्तसभा देशाच्या कायद्यापेक्षा सात वर्षे पुढे होती आणि दुसऱ्या शहरात आठ वर्षे मागे. दोन्हीकडे शिकवण तीच होती, शुभवर्तमान तेच होते. फरक पडला तो केव्हा आणि किती धैर्याने कृती केली याचा.

अन्याय्य कायदा पाळावा का?

न्यू ऑर्लिन्समधील त्या बहिष्कारानंतर बरोबर एक वर्षाने, १६ एप्रिल १९६३ ही तारीख घातलेले एक पत्र बर्मिंगहॅमच्या तुरुंगात लिहिले गेले. लिहिणारे होते बॅप्टिस्ट पाळक मार्टिन ल्युथर किंग. मोर्चावरील बंदी मोडल्याबद्दल त्यांना १२ एप्रिलला अटक झाली होती. तो दिवस गुड फ्रायडेचा होता.

आठ गोऱ्या धर्मपुढाऱ्यांनी वर्तमानपत्रात निवेदन देऊन लोकांना शांत राहण्याचा, रस्त्यावर न येता न्यायालयात दाद मागण्याचा सल्ला दिला होता. त्यांत एक कॅथलिक सहायक बिशपही होते. त्यांना उत्तर देताना किंग यांनी आपल्याच दोन संतांचा आधार घेतला : संत ऑगस्टिन आणि संत थॉमस अक्वायनस.

हा विचार आपण नीट समजून घेऊ या. संत ऑगस्टिन म्हणतात की अन्याय्य कायद्याला कायदा म्हणताच येत नाही. संत थॉमस त्याचे कारण देतात. माणसाने केलेला कायदा देवाच्या शाश्वत नियमातून आणि माणसाच्या स्वभावात कोरलेल्या नैसर्गिक नियमातून निघाला असेल, तरच तो सदसद्विवेकाला बांधतो. दोराचे एक टोक खुंटीला बांधलेले असेल तरच दुसऱ्या टोकाला वजन टांगता येते, तसेच हे आहे. माणसाला कमी लेखणारा कायदा त्या खुंटीपासून सुटलेला असतो.

मग वाटेल त्याने वाटेल तो कायदा मोडावा का? किंग यांचे उत्तर 'नाही' असे आहे. अन्याय्य कायदा मोडायचा तर तो उघडपणे, प्रेमाने आणि शिक्षा भोगण्याची तयारी ठेवून मोडावा. चोर रात्री कायदा मोडतो आणि पळतो. सत्याग्रही भर दिवसा मोडतो आणि हात पुढे करतो. किंग यांना ही वाट महात्मा गांधींकडून मिळाली होती आणि १९५९ साली ते मुद्दाम भारतात येऊन गेले होते.

त्याच पत्रात त्यांनी अलाबामातील कॅथलिकांचे कौतुकही केले आहे, कारण येशूसंघीयांच्या स्प्रिंग हिल कॉलेजने काही वर्षांपूर्वीच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला होता. परंतु त्यांची सर्वांत मोठी खंत द्वेष करणाऱ्यांविषयी नव्हती. 'तुमचे बरोबर आहे, पण जरा थांबा' असे म्हणणाऱ्या सज्जनांविषयी होती.

निवेदनावर सही करणारे ते सहायक बिशप, जोसेफ ड्युरिक, पुढे टेनेसी राज्यात गेले आणि समतेच्या बाजूने ठामपणे बोलू लागले. माणूस बदलू शकतो. मार्च १९६५ मध्ये सेल्मा येथे पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना झोडपले, तेव्हा अनेक जखमींवर कॅथलिक धर्मभगिनींच्या इस्पितळात उपचार झाले. काही दिवसांतच सेंट लुइसहून धर्मभगिनी आपल्या झग्यांसह तिथे येऊन मोर्चात चालल्या. त्यांत सिस्टर अँटोना एबो या कृष्णवर्णीय भगिनी होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्कांचा कायदा झाला.

आपल्या घरचा बाक

अमेरिकेचा हा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. तिथली बेडी आणि इथली बेडी एकाच लोखंडाची आहे, हे जोतीरावांनी तेव्हाच ओळखले होते.

आपल्या ख्रिस्तसभेनेही हे मान्य केले आहे. भारतीय कॅथलिक बिशपांनी २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि जातिभेद ख्रिस्तसभेच्या आतही आहे, याची कबुली दिली. दक्षिणेत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतही भिंत आढळली आहे. एकाच पुनरुत्थानाची वाट पाहणाऱ्यांना मधे भिंत कशाला हवी?

संत याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमकी बसण्याचीच गोष्ट सांगितली आहे. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला पायांशी जागा, असे तुम्ही करता का, असे तो विचारतो. आपल्या देवळात बाकांवर कुणाचे नाव लिहिलेले नाही. पण मागचा बाक लाकडाचाच असतो असे नाही. सोयरीक जुळवताना आधी विचारलेला प्रश्न, सणाच्या समितीत कधीच न घेतलेले नाव, घरकाम करणाऱ्या बाईसाठी वेगळा ठेवलेला कप, हेही मागचेच बाक. आर्चबिशप रमेल यांनी देवळातला बाक एका पत्राने काढला, पण शाळेतला काढायला त्यांना नऊ वर्षे लागली. आपल्या घरातला काढायला पत्राची किंवा कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

कुटुंबात चर्चेसाठी

१. याकोबाचे पत्र २:१-९ एकत्र वाचा. आपल्या घरी कुणाला 'पायांशी' बसवले जाते?

२. सेंट लुइस आणि न्यू ऑर्लिन्स यांत फरक कशामुळे पडला? आपण कोणत्या बाबतीत 'जरा थांबा' म्हणत आलो आहोत?

३. येत्या रविवारी मिस्सानंतर, आजवर ज्या कुटुंबाशी आपण कधी बोललो नाही, अशा एका कुटुंबाशी ओळख करून घेऊ या.

तुमचे,
प्रमुख धर्मगुरू