संगणकाचा आकडा आणि मूल्यांकनकाराची सही

प्रश्न : मी नोंदणीकृत मूल्यांकनकार आहे. एका कंपनीच्या नाशिकजवळील जमिनीसाठी स्वयंचलित संगणकप्रणालीने दिलेला आकडा घेऊन, 'या आकड्याची जबाबदारी प्रणालीची' अशी टीप अहवालास जोडली तर चालेल काय?

उत्तर : आकडा विचारात अवश्य घ्यावा, टीप मात्र जोडू नये. कंपनी अधिनियम, 2013 अन्वये झालेल्या 2017 च्या नियमांतील आठव्या नियमाने अहवालात मर्यादा नमूद करण्याची मुभा दिली आहे, परंतु ती अडचणींचा खुलासा करण्यापुरती, दायित्व टाळण्यासाठी नव्हे. दुसऱ्या नोंदणीकृत मूल्यांकनकाराचे साहाय्य घेतले तरीही ज्या नियमाने संपूर्ण जबाबदारी सही करणाऱ्यावरच ठेवली आहे, तो यंत्राच्या आडोशास तुम्हांस उभे राहू देईल, हे संभवत नाही.

जमीन भोगवटादार वर्ग 2 ची असून हस्तांतरणास पूर्वपरवानगी लागते काय, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत कोणाचा बोजा दाखल आहे काय, आणि नकाशातील रस्ता जागेवर खरोखर आहे काय, हे दप्तर चाळून व प्रत्यक्ष पाहणी करूनच ठरवावे लागते. शिवाय रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी असतो. प्रणालीने तोच आधार धरला असेल, तर तिचा आकडा बाजारभाव म्हणून पुढे करणे सर्वथा गैर होय.

अहवालात प्रणालीचे नाव, तिला पुरविलेली माहिती आणि तिच्या आकड्यापासून तुम्ही का दूर गेलात, हे लिहावे. जिची गणनापद्धती विक्रेता उघड करीत नाही, अशा प्रणालीचा आकडा मी स्वतः केवळ पडताळ्यापुरताच वापरीन.