माईक खराब की वीज अपुरी?

प्रश्न : घरी कथावाचन ध्वनिमुद्रित करण्यासाठी मी बीएम-८०० हा स्वस्तातला कंडेन्सर माईक घेतला. सोबतच्या केबलने तो लॅपटॉपला जोडते. आवाज फार बारीक येतो आणि वाढवला की मागे सतत खरखर ऐकू येते. माईक बदलून घ्यावा का?

उत्तर : एवढ्यात नको. कंडेन्सर माईकमधल्या सर्किटला बाहेरून वीज लागते. स्टुडिओत ती ४८ व्होल्टच्या ‘फँटम पॉवर’मधून मिळते, लॅपटॉपच्या जॅकमधून जेमतेम २ ते ५ व्होल्ट येतात. त्यामुळे माईककडून येणारा सिग्नल क्षीण राहतो. तो वाढवताना लॅपटॉपच्या साउंड कार्डाची खरखरही तितकीच वाढते.

खर्चाआधी दोन गोष्टी तपासा. चार्जर काढून ध्वनिमुद्रण करा. खरखरीसोबत घूं असा आवाजही येत असेल आणि तो थांबला, तर त्याचा दोष विजेच्या जोडणीचा. दुसरे, अशा माईकमध्ये टोकाकडून नव्हे, बाजूने बोलायचे असते. जाळीची योग्य बाजू तोंडासमोर, वीतभर अंतरावर ठेवा.

तरीही फरक पडला नाही, तर फँटम पॉवर असलेला ऑडिओ इंटरफेस आणि दोन्ही टोकांना तीन पिनांची एक्सएलआर केबल घ्या. केबल जोडून झाल्यावरच फँटम पॉवर सुरू करा. ध्वनिमुद्रणाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास असू द्या. नुसता फँटम पॉवरचा डबा घेऊन पुन्हा लॅपटॉपच्याच जॅकला जोडलात, तर खरखर पूर्ण जाणार नाही.

खोली घुमत असेल, तर मागेपुढे जाड गोधड्या टांगा. इंटरफेसवरही खरखर तशीच राहिली, तरच माईक बदला.