पाहुणा आणि गिऱ्हाईक

आतिथ्यावर निबंध लिहावयाचा झाला की आपण तैत्तिरीय उपनिषदातील उपदेशापासून आरंभ करतो आणि यजमानाच्या कर्तव्यापाशी थांबतो. पाहुण्याचेही काही कर्तव्य असते, हे मला पुस्तकाने शिकविले नाही. ते भैरवगढच्या एका घराने शिकविले.

भैरवगढ ही उज्जैनच्या उत्तरेची, क्षिप्रेच्या काठची वस्ती. काळभैरवाचे देऊळ तेथेच आहे. देवाला मद्याचा नैवेद्य दाखविला जातो. देवाच्या मस्तकी शिंदे घराण्याकडून आलेली पगडी असते व तिचा संबंध लोक महादजींशी जोडतात. उज्जैन १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी होते. महाकालेश्वराचे आजचे मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभारले. सारांश, मराठी माणूस त्या मुलखाला परका नाही. माझा मित्र मात्र तेथलाच, छिपा समाजातला. कापडावर मेण लावून रंगकाम करणे, म्हणजे बाटिक, हा त्याचा घरचा धंदा. उज्जैनच्या बाटिकला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

हे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावरच अवलंबून आहे. चुलीवर मेण वितळवितात. मेजावर वाळू पसरून तीवर कापड अंथरतात आणि कलमाने गरम मेणाची नक्षी काढतात. मेण लागते तेथे रंग चढत नाही. मेण वितळू नये म्हणून रंग थंड पाण्यातलाच लागतो. आधी फिका रंग, मग पुन्हा मेण, मग गडद, असा क्रम. शेवटी उकळत्या पाण्यात कापड घातले की मेण सुटते. सारी मेख मेणाच्या उष्णतेत असते. ते जास्त तापले तर पसरते. निवले तर धाग्यात न शिरता वरच बसते आणि त्याखालून रंग झिरपतो.

मी दोन दिवसांसाठी म्हणून गेलो आणि पाच दिवस राहिलो. सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी डाळ-बाफले. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडून, मग गोवऱ्यांच्या आरावर भाजून तुपात बुडवितात, ते बाफले. 'पुरे' म्हटले की मित्राची आई आणखी एक वाढी. आपल्याकडे कानडी घरात पाऊल टाकताच 'ऊट आतेन्री?' असे विचारतात. तेथे न विचारताच ताट येई. मित्र काम टाकून मजजवळ बसे. मी निघतो म्हटले की म्हणे, "भाई, आज नाही, उद्या."

चौथ्या दिवशी अंगणात वाळत घातलेली एक चादर मला दिसली. वेलीच्या पांढऱ्या रेषांत तांबडा रंग शिरून नक्षी गढूळ झाली होती. मी विचारले, तेव्हा मित्र हसून म्हणाला, "होतं असं कधी." धाकट्या भावाने मात्र खरे सांगितले. मला वाढता वाढता चूल मंदावली होती, आणि मागणीचा माल वेळेवर द्यावयाचा म्हणून मित्राने निवत आलेल्या मेणानेच काम उरकले होते. माझ्या पाहुणचाराची किंमत त्या चादरीने दिली होती.

मी ओशाळलो आणि ओशाळलेल्या शहरी माणसाला जे सुचते तेच मला सुचले. चादरीचे पैसे मी आईंच्या हाती ठेवू लागलो. त्यांचा चेहरा उतरला. माळवी बोलीत त्या जे म्हणाल्या त्याचा अर्थ असा : "बेटा, पैसे गिऱ्हाईक देतं. तू गिऱ्हाईक म्हणून आला होतास का?"

मला उत्तर देता आले नाही. पाचव्या दिवशी पहाटे उठलो, मेजावरची वाळू सारखी केली, रंगातून काढलेली कापडे दोरीवर टाकली आणि चुलीपाशी बसून आच सांभाळली. कोणी मला 'राहू दे' म्हटले नाही. त्या दिवशीचे जेवण आम्ही सर्वांनी कामाच्या जागीच, एकत्र केले, आणि आईंनी प्रथमच मला आग्रह केला नाही.

इंग्रजांच्या खेड्यातील पाहुणचाराची वर्णने आपण वाचतो. पाहुणा येण्याची व जाण्याची वेळ आधीच कळवितो, जेवणानंतर बशा पुसू लागतो, घरी परतल्यावर आभाराचे पत्र लिहितो. आपण त्याला कोरडा शिष्टाचार म्हणतो. मीही म्हणत असे. आता वाटते, जाण्याचा दिवस ठरलेला असला की यजमानाची चूल विझत नाही. मनूनेही एक रात्र राहतो तो अतिथी, असे म्हटले आहे. लॅटिनमधील 'होस्पेस' या शब्दाचा अर्थ तर पाहुणा आणि यजमान असा दोन्ही होतो. अर्थात माळव्यातला आग्रह पत्राने फेडता येत नाही, आणि पैशाने तर नाहीच.

विद्यार्थिमित्रांनो, सुटीत तुम्ही मित्रांच्या गावी जाल. तेथे पोटभर जेवा, संकोच करू नका. पण ज्या घराचे पोट हातावर आहे, त्या घरात आपल्यामुळे कोणते काम थांबले आहे, एवढे पाहा, आणि त्याला हात लावा. गिऱ्हाईक पैसे देऊन मोकळे होते. पाहुण्याला तशी सुटका नाही.