जॉबरला विचारून बघ

सोलापूर,
संक्रांतीनंतरचा सोमवार

चि. बाळ यास,

गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत तुमच्या कारखान्यात शिलाईला येणारी एक बाई भेटली. आधी तुझं कौतुक केलं, ‘‘भाचा कामाला वाघ आहे तुमचा.’’ मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘‘पण जॉबरला चार माणसांत बोलले. ते तेव्हापासून आलेच नाहीत.’’ दादाला आत्याने अजून हे सांगितलेलं नाही. तो जॉबर तुझ्या जन्माआधीपासून यंत्रमागांची नस ओळखतो, आणि तू दिवाळीत मॅनेजर झालास!

तुझी खोड जुनीच. गल्लीतल्या गणपतीची आरास तू करायचास तेव्हा कुणाला टाचणी लावू द्यायचा नाहीस. आरास देखणी व्हायची, यात वाद नाही. पण पुढच्या वर्षी मदतीला पोरं यायची नाहीत.

वालचंद हिराचंद याच गावात 1882 साली जन्मले. घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी, पिढ्या बसून खातील असा धंदा. त्यात आपलं मन रमत नाही हे त्यांनी वेळीच ओळखलं आणि रेल्वेची बांधकामं घ्यायचं ठरवलं. आता रेल्वेतलं त्यांना काय कळत होतं? म्हणून भागीदार केला तो लक्ष्मणराव फाटकांना, रेल्वेत कारकुनी केलेल्या माणसाला. बार्शी लाइट रेल्वेचं काम दोघांनी मिळून केलं. सावकाराच्या मुलाने कारकुनाला बरोबरीने बसवायचं, तेही त्या काळात! पुढे सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन काढली तीसुद्धा एकट्याने नव्हे, नरोत्तम मोरारजींसारखी माणसं सोबत घेऊन. त्यांची पहिली बोट ‘लॉयल्टी’ 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून इंग्लंडला निघाली. त्या तारखेला आजही राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. ती बोट परवडली नाही आणि 1923 मध्ये भंगारात गेली, हे मात्र भाषणांत कुणी सांगत नाही. मोठी उडी घेणं हे वालचंदांचं बळ होतं, आणि उडी कधीकधी चुकायची. कंपनी तरली, कारण ती एकट्याच्या अंगावर उभी नव्हती.

तू म्हणशील, आत्याने पुन्हा इतिहासाचा तास घेतला. घेणारच. जॉबरला चार माणसांत बोलायचं नसतं, एवढं साधं तुला कळलं नाही तर तास घ्यावाच लागतो.

आणि दुसरी गोष्ट कोटणीसांची, ती तर तुझ्याचसाठी आहे. द्वारकानाथ कोटणीस, जन्म 1910, आपल्याच सोलापुरातले. काँग्रेसने 1938 मध्ये पाच डॉक्टर चीनला पाठवले. बाकीचे चौघे परतले, हा राहिला. तिथली भाषा शिकला, आणि 1941 मध्ये डॉक्टर बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचा संचालक झाला. लढाईच्या धामधुमीत तीन-तीन दिवस न झोपता शस्त्रक्रिया केल्या म्हणतात. फेफऱ्याचे झटके येत होते, तरी काम सोडलं नाही. 9 डिसेंबर 1942 ला गेला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. त्याच्यापुढे हात जोडावेत असाच तो माणूस. पण युद्ध होतं रे तिथे. तुझ्याकडे टॉवेलची ऑर्डर आहे. तरी तू रात्री कारखान्यातच झोपतोस आणि डबा तसाच परत येतो, असं वहिनी सांगत होती.

आत्याचंही ऐकून ठेव. शाळेत मुख्याध्यापिका व्हायची पाळी आली तेव्हा हिशेब आणि ऑडिट या शब्दांनीच तिच्या पोटात गोळा आला आणि तिने लेखी नकार दिला. हिशेबाला एक चांगला कारकून पुरला असता, पण फाटक शोधायचे तिला सुचलंच नाही. नव्या शिक्षिकांना सांभाळून घ्यावं ते तुम्हीच, असं सहकारी म्हणाल्या. पण ते निरोप समारंभात. तेव्हा ऐकून काय करायचं?

म्हणून तू आत्ताच विचार. जॉबरला, शिलाईच्या बाईला, हिशेबनिसाला एकेकटं गाठून विचार, की मी कशात बरा आणि कशात कच्चा. पहिल्यांदा कुणी खरं बोलणार नाही. मॅनेजरला कोण सांगतं? पुन्हा विचार. उत्तर आलं की उलटं बोलू नकोस, खुलासे देत बसू नकोस. कुणी चांगलं सांगितलं तर तेही हसण्यावारी नेऊ नकोस. यंत्राचा बिघाड आवाजावरून ओळखणं हे तुझं बळ आहे, आजोबांकडून आलेलं. माणसांच्या बाबतीत तू अजून कच्चा आहेस. त्या कामाला तुझ्याजवळ तो जॉबर होता.

फार बोलले असेन तर राग मानू नकोस. तुझ्यावर रागावणारं आता घरात उरलंय तरी कोण? दादाला तर तुझ्यापुढे शब्द सुचत नाही.

शेंगाची चटणी कुटून ठेवली आहे. आधी जॉबरच्या घरी जा, आणि मग रविवारी इकडे जेवायला ये. त्याला बरोबर आणलंस तर भाकऱ्या चार जास्त टाकेन.

तुझी,
आत्या